अध्याहृत कर्ता

४ ऑगस्ट, खामगाव

पोचले. खोली मनासारखी मिळाली. खिडकी पूर्वेला आहे, पंखा फिरतो, आणि भिंतीतल्या फडताळाचा वरचा कप्पा माझा. खालचा डिंपलचा. डिंपल पिंपळगाव राजाची, माझ्याच वर्गात, बी.एस्सी.चं पहिलं वर्ष. मी दारात घाबरून उभी होते तर तिनेच माझी पेटी उचलली आणि म्हणाली, "एवढं काय भरून आणलं वं? बापाले बी संगंच आणलं का?" मग स्वतःच इतकी हसली की मलाही हसू आलं. माझा प्रवेश उशिरा झाला म्हणून महिनाभराच्या वह्या तिने न मागता काढून दिल्या.

बाबा साखरखेर्ड्याच्या स्टँडवर गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभे होते. रोज लिहीत जा, म्हणाले, पण पूर्ण वाक्यात. बाबा छापखान्यात लग्नपत्रिका जुळवतात. एक मात्रा चुकली तर एक लग्न चुकतं असं त्यांचं मत आहे. मी चौथीपर्यंत शाळेत टिकले नाही. 'त' आणि 'क' वर माझी जीभ अडते, मुलं हसायची, मी पळून घरी यायची. शेवटी आईबाबांनी घरीच शिकवलं. आईने गणित, बाबांनी भाषा. आईचा नियम असा की गणित अर्धं सोडायचं नाही, उत्तर कितीही वाईट येवो. बाबांचा नियम असा की वाक्य दिसलं की आधी विचारायचं, कर्ता कोण?

सुचिताला सोडून येताना जड गेलं. ती नऊ वर्षांची आहे आणि तिचं नाव असल्याशिवाय ती गणित सोडवत नाही. पुस्तकात 'रमाकडे पाच पेरू' असेल तर रमाला खोडून सुचिता लिहावं लागतं. आता कोण लिहील?

घरमालकीण अन्नपूर्णाबाई एकट्या राहतात. चार शेळ्या पाळल्या आहेत. त्यांनी आधी माझं आडनाव विचारलं, मग आमचं घर गावाच्या कोणत्या बाजूला आहे ते विचारलं, आणि मग माझ्यासाठी एक वेगळा माठ काढून विटेवर ठेवला. पाण्यातून आजार पसरतात, म्हणाल्या. डिंपल त्यांच्या देखत त्या माठातलं पाणी घटाघटा प्यायली. मला दोघींसमोरही संकोच वाटला. पण खोली खरंच छान आहे.

६ ऑगस्ट

आज संख्याशास्त्राचा पहिला तास. तायडे सर संभाव्यता शिकवत आहेत. फार सुंदर विषय आहे. प्रयोगात जे जे होऊ शकतं ते सगळं एका महिरपी कंसात लिहायचं. तो नमुना अवकाश, S. त्यातलं आपल्याला हवं ते म्हणजे घटना. हवं ते भागिले सगळं, झाली संभाव्यता. काहीच होऊ शकत नसेल तर शून्य, व्हायलाच हवं असेल तर एक. भीतीलासुद्धा मोजता येईल असं मला वाटलं. मला सारखी कसली ना कसली भीती वाटत असते. तिचा आकडा कळला तर ती आवरता येईल.

मग सरांनी फळ्यावर लिहिलं: 'एका पिशवीत तीन लाल व पाच निळे चेंडू आहेत. एक चेंडू यादृच्छिक पद्धतीने काढला.' माझा हात आपोआप वर गेला. मी विचारलं, सर, को-को-कोणी काढला?

वर्ग हसून लोळला. मागच्या बाकावरून एक मुलगा ओरडला, "तुह्या आबानं काढला बे!" सर हसले नाहीत. ते म्हणाले की हा प्रश्न इथे विचारायचा नाही. कोणी काढला हे ठरलं तर त्याच्या मनात काय होतं तेही धरावं लागेल. कोणीच काढलेला नाही, म्हणून तर तो यादृच्छिक.

मला ते पटलं नाही, पण मी खाली बसले. संध्याकाळी बाबांनी दिलेल्या कोशात पाहिलं. यदृच्छा: आपल्या इच्छेने, वाटेल तसे. मग इच्छा कोणाची?

८ ऑगस्ट

सरांनी प्रत्येकाला पाच उदाहरणं स्वतः रचून आणायला सांगितली आहेत. पुस्तकात सगळी पत्त्यांची आहेत, आणि आमच्या वर्गात निम्म्या मुलींना बदाम आणि इस्पिक माहीत नाही. आमच्याही घरी पत्ते कधी आले नाहीत. म्हणून सर म्हणाले, आपल्या रोजच्या माणसांची, वस्तूंची उदाहरणं करा.

सकाळी बसून केली. एकाच ठिकाणी अडले. 'एक शेळी निवडली.' कोणी? बाबांनी हे वाक्य परत पाठवलं असतं. 'मी निवडली' असं लिहून पाहिलं. पण मग निवड माझी झाली, ती यादृच्छिक राहिली नाही. खूप वेळ विचार केला. शेवटी 'त्याने' लिहिलं. 'तो' म्हणजे कोणीच नाही, फक्त व्याकरणापुरता. लिहिल्यावर इतकं बरं वाटलं! वाक्यं पायावर उभी राहिली.

पहिलं: अन्नपूर्णाबाईंकडे तीन काळ्या व एक भुरी शेळी आहे. त्याने एक निवडली. ती भुरी असण्याची संभाव्यता किती?

दुसरं: घरात चार माठ आहेत, एक विटेवर वेगळा. त्याने एक निवडला. तो वेगळा माठ असण्याची संभाव्यता किती?

तिसरं: आमच्या बाकावर डिंपल, प्रतीक्षा आणि मी बसतो. त्याने एक निवडली. ती मी नसण्याची संभाव्यता किती?

चौथं: या घरात अन्नपूर्णाबाई, डिंपल आणि मी राहतो. त्याने एक निवडली. ती मी असण्याची संभाव्यता किती?

पाचवं: आमच्या घरी बाबा, आई, सुचिता आणि मी अशी चार माणसं आहोत. त्याने एक माणूस निवडलं. ते सुचिता असण्याची संभाव्यता किती?

पाचव्यात तिचं नाव मुद्दाम घातलं. फोनवर वाचून दाखवलं तर फार खूश झाली.

९ ऑगस्ट

सरांनी माझी उदाहरणं वाचून दाखवली. रचना चांगली म्हणाले. मग चष्म्यावरून पाहत विचारलं, पण हा 'तो' कोण? मी उत्तर द्यायला उभी राहिले आणि 'त' वरच अडले. त-त-त. आमच्या बाकावर कडेला प्रतीक्षा बसते, याच गावची, जिभेची तिखट. तिने मोठ्याने म्हटलं, "सर, नाव कशी घेईन बिचारी? तिचा तो होय ना!"

पुढचं काही ऐकू आलं नाही. आमच्याकडे जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, 'तो' म्हणतात. सुट्टीत मुलं मागून म्हणत होती, मंजुश्रीचा तो आला, मंजुश्रीचा तो गेला. डिंपल दोघांच्या अंगावर धावून गेली. मग खोलीवर आल्यावर तिनेही हळूच विचारलं, सांग ना वं, खरंच हाय का कोणी? मी रडले तेव्हा तिने कानाला हात लावले.

१२ ऑगस्ट

भुरी शेळी मेली. काल संध्याकाळी तिच्या गळ्यातलं घुंगरू उंबऱ्यावर मिळालं होतं, दोरी न तुटता. आज सकाळी ती कुंपणाच्या बाहेर होती. पाय पोटाशी जवळ घेतलेले, डोळे उघडे, अंगावर ओरखडा नाही. कोणीतरी इतरांतून काढून नीट बाजूला ठेवावी तशी. अन्नपूर्णाबाई म्हणाल्या साप असेल. मला म्हणाल्या की तू आल्यापासून घरात काही धड नाही.

चारात एक. मी स्वतः उत्तर काढलं होतं. चारात एक म्हणजे काही फार नाही, पण होऊ शकतं.

१४ ऑगस्ट

आज सकाळी अन्नपूर्णाबाईंचा स्वतःचा माठ अंगणाच्या मध्यभागी होता. फुटलेला नाही. काल संध्याकाळी मीच पाहिलं, तो तोंडापर्यंत भरलेला होता. आज आतून कोरडा, भाजून नुकताच आणल्यासारखा. जमीनही कोरडी. त्यांना वाटलं मी हात लावला. काय काय बोलल्या ते लिहीत नाही. डिंपल पुढे झाली आणि म्हणाली, "मीनं ठेवला मावशी, आता काय फाशी देता का मले?" तिने ठेवला नव्हता. ती माझ्यासाठी खोटं बोलली.

त्या माठ फोडून टाकायला सांगत होत्या. मी फोडला.

१६ ऑगस्ट

शेळी आणि माठ या स्वतंत्र घटना आहेत. एकीचा दुसरीशी संबंध नाही. स्वतंत्र घटनांच्या संभाव्यतांचा गुणाकार करायचा. ती भुरी असणं चारात एक, तो नेमका अन्नपूर्णाबाईंचा माठ असणं चारात एक, गुणाकार सोळात एक. वर्गात माझ्यासारख्या चाळीसेक मुलामुलींनी उदाहरणं लिहिली, त्यातल्या एकीच्या बाबतीत दोनदा जुळणं यात नवल नाही. हे मी तीनदा पडताळून पाहिलं.

आमच्या घरी भूतखेत, करणी, अंगात येणं याला जागा नाही. आजोबांनी देव नदीत सोडले तेव्हापासून नाही. बाबांना हे सांगितलं तर ते मला ओरडणार नाहीत, फक्त चष्मा काढून पुसतील. ते मला सहन होणार नाही.

पण तिसरं उदाहरण बाकाचं आहे.

१९ ऑगस्ट

दुपारी तास सुटल्यावर प्रतीक्षाची बॅग व्हरांड्याच्या मध्ये होती. बाकी सगळ्यांच्या बॅगा भिंतीशी रांगेत, तिची एकटी मध्ये. ती चिडून म्हणाली, कोणी हो माही बॅग काढली? कोणीच काढली नव्हती.

मी तिला सांगणार होते. एकटी जाऊ नकोस, आईजवळ झोप, काहीतरी. मी तोंड उघडलं आणि 'त' वर अडले. तिने माझी नक्कल केली, त-त-त, आणि गेली.

मी परत हाक मारली नाही.

२० ऑगस्ट

प्रतीक्षा सापडली. कॉलेजच्या तारेपलीकडे, सोयाबीनमध्ये. पाय पोटाशी, हात छातीशी, डोळे उघडे. ओढण्याची खूण नाही, एक झाड मोडलेलं नाही. डॉक्टर हृदय बंद पडलं म्हणाले. एकोणीस वर्षांची.

तिसऱ्या उदाहरणात मी विचारलं होतं, ती मी नसण्याची संभाव्यता किती. तिनात दोन. पूरक घटना.

खूप रडले. पण आधी, सगळ्यात आधी, मला हायसं वाटलं होतं. ते लिहून ठेवते, कारण ते खरं आहे.

२४ ऑगस्ट

आज सरांनी दोन प्रकार शिकवले. चेंडू परत न ठेवता, आणि परत ठेवून. परत ठेवून म्हणजे काढलेला चेंडू पुन्हा पिशवीत टाकायचा, पिशवी पहिल्यासारखी.

मी ते दोनदा अधोरेखित केलं. परत ठेवता येतं!

प्रतीक्षाच्या आईला मी काल पाहिलं. त्या कॉलेजात तिची छत्री न्यायला आल्या होत्या. छत्री घेऊन फाटकात उभ्या राहिल्या.

खोलीवर येऊन लिहिलं: 'आमच्या बाकावर तिघी बसतो. त्याने प्रतीक्षाला निवडलं होतं. त्याने तिला परत ठेवलं.'

२५ ऑगस्ट

त्याने परत ठेवलं.

सकाळी वर्गात मी पहिली होते. आमच्या बाकावर, कडेला, तिच्या जागेवर राख होती. बोटभर जाडीची. बसलेल्या माणसाला लागते तेवढ्याच जागेत, कडा सरळ. राखेत एक कानातली कुडी, काळी पडलेली.

तिला जाळलं होतं हे मी विसरले. जे उरलं होतं तेच तो ठेवणार.

झाडणाऱ्या आशाबाई आल्या. पोट्टे काय काय आणून टाकतात म्हणाल्या, झाडूने गोळा केली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. मी उभी राहून पाहत होते. मग तास झाला. मी त्या बाकावर बसले.

एवढं मात्र कळलं. लिहिलेलं तो पाळतो.

२७ ऑगस्ट

अन्नपूर्णाबाईंनी बाबांना फोन केला. पोरीचं कोणाशी तरी सुरू आहे, सगळं कॉलेज बोलतंय म्हणाल्या. संध्याकाळी बाबांचा फोन आला. ते रागावले नाहीत. एकच विचारलं.

"मंजू, तो कोण?"

लहानपणी पाटीवर वाक्य लिहून विचारायचे त्याच आवाजात. कर्ता कोण? मी उत्तर देऊ शकले नाही.

२९ ऑगस्ट

सगळं करून पाहिलं.

सरांकडून कागद मागून आणला, चौथ्या आणि पाचव्या उदाहरणातलं 'त्याने' खोडलं. वाक्य उरलं, 'एक निवडली.' बाबा शिकवायचे की कर्ता लिहिला नाही म्हणून तो नसतो असं नाही. तो अध्याहृत असतो. वाक्यात दिसत नाही, पण क्रियापद त्याचंच ऐकतं.

म्हणजे पुस्तकातल्या वाक्यांतही तो पहिल्यापासूनच होता. सगळ्या पिशव्यांत त्याचाच हात. मी फक्त त्याला नाव देऊन माझ्या घरात बोलावलं.

कागद फाडला, चुलीत घातला. सकाळी उशीखाली होता. अख्खा. 'त्याने' परत आपल्या जागेवर.

'त्याने कोणालाच निवडलं नाही' असं लिहिलं. शाईच उमटली नाही. सरांना वर्गात विचारलं, असं होऊ शकतं का? सर म्हणाले, प्रयोग एकदा सुरू झाला की काहीतरी निष्पत्ती येतेच. रिकामा संच ही अशक्य घटना.

३१ ऑगस्ट

चौथं उदाहरण या घराचं.

परवा पोळा आहे. डिंपल घरी निघाली होती. त्यांच्याकडे दोन बैलजोड्या आहेत, शिंगं रंगवायचं काम लहानपणापासून तिचं. पिशवी भरून झाली होती. बेगडाचे कागद, गोंडे. मला म्हणाली, चाल ना तू बी, माय पुरणपोळी करते, येथी एकटी काय करतं?

मी हिशोब केला. घरात तिघी असलो तर माझी संभाव्यता तिनात एक. ती गेली तर दोघी उरतो. दोनात एक.

आणि मी तिच्यासोबत गेले तर? घरात अन्नपूर्णाबाई एकट्या. निश्चित घटना. हेही माझ्या मनात आलं. मग वाटलं, नाव तर माझं लिहिलेलंच आहे, तो पिंपळगावपर्यंत येईल का? खात्री नव्हती. खात्री फक्त छेदाची असते. छेद मोठा ठेवायचा.

मी तिला म्हटलं, जाऊ नकोस. मला भीती वाटते. ते खरं होतं, प्रत्येक शब्द खरा होता.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पिशवी फडताळाच्या खालच्या कप्प्यात टाकली. "रडू नको वं. बैल काही पळून नाही जाऊन राह्यले."

२ सप्टेंबर, पोळा

डिंपलने खोलीत मातीचे दोन बैल केले, शिंगांना बेगड लावला. घरी फोन करून बैलांच्या कानाशी धरायला लावला आणि त्यांच्याशी बोलली. खूप हसली.

दुपारी मी बाहेर आले तर दारात चपलांचे दोन जोड भिंतीशी होते. माझा आणि अन्नपूर्णाबाईंचा. तिसरा अंगणाच्या मध्ये. टाचा जुळवलेल्या.

मी जवळ जाऊन पाहिलं. हिरव्या पट्ट्याच्या. डिंपलच्या.

आत आले. ती पुरण वाटत होती. म्हणाली, चाटून सांग गोड झालं का. मी चाटून सांगितलं. गोड झालं होतं.

काही बोलले नाही. बोलून ती गेली असती, तर चपला परत मोजल्या गेल्या असत्या.

३ सप्टेंबर

गोठ्यामागे. पाय पोटाशी. डोळे.

तिच्या बापाने तिला उचललं तेव्हा तिच्या नखांत अजून बेगड होता. त्यांनी मला जवळ घेतलं. म्हणाले, तू एकटी पडू नये म्हणून राह्यली माही लेक, लय जीव होता तिचा तुह्यावर. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. पोरी, जप स्वतःले.

मी जपते आहे.

५ सप्टेंबर

बाबा आले. पेटी उचलली. अन्नपूर्णाबाईंनी माझा माठ आमच्या देखत उकिरड्यावर टाकला. बाबांनी चष्मा काढून पुसला. गाडीत चिखलीपर्यंत पेटी मांडीवर धरून बसले.

मी म्हटलं, मला घरी नको. दुसरीकडे कुठेही. बाबा म्हणाले, घर सोडून कुठे जायचं, आता चौघं एकत्र राहू.

चौघं.

६ सप्टेंबर, साखरखेर्डा

नावं वाढवली. बसल्या बसल्या. पाचव्या उदाहरणात शेजारचे, छापखान्यातले, मामाकडचे सहा जण, चौकातला चहावाला. चारात एकऐवजी तेविसात एक. दर नावाला श्वास मोकळा होत होता. मामाच्या तान्ह्या मुलीचं नाव अजून ठेवलेलं नाही, तर 'तान्ही' लिहिलं.

सकाळी कागदावर चारच नावं. बाकीची नाहीत. घरी चार माणसं आहोत असं मीच लिहिलं होतं. वाक्य खोटं असेल तर तो घेत नाही. नेमका आहे. आमच्या घरातल्यासारखा.

आई विचारते, का जेवत नाहीस.

सुचिता मला चिकटून आहे. तिचा एक दात पडला. दाखवते सारखी.

७ सप्टेंबर. सकाळ

दारात चार जोड. तीन भिंतीशी.

एक अंगणात. टाचा जुळवलेल्या.

बाबांच्या नाहीत. आईच्या नाहीत. छोट्या नाहीत

माझ्या

दुपार

आत आणून ठेवल्या. पुन्हा बाहेर. पुन्हा आणल्या. पुन्हा—

ऊन पांढरं आहे. सगळीकडे शांत. आई शेतात, बाबा छापखान्यात. डिंपलच्या वेळी दुपारपासून दुसऱ्या सकाळपर्यंत थांबला होता. म्हणजे वेळ आहे.

काही करायचं नाही. बसून राहायचं. मी जाते, तिघं राहतात. हे बरोबर उत्तर. आई म्हणायची, उत्तर कितीही वाईट येवो—

चारात एकच तर होती. चारात एक म्हणजे काही फार—

सोयाबीनमध्ये प्रतीक्षाचे डोळे उघडे होते. तिला दिसत होतं का? कोण ते दिसलं असेल—

लिहिलेलं तो पाळतो. खरं असेल तर. 'त्याने' खोडलं तर तो अध्याहृत राहतो. पण दुसरा कर्ता लिहिला तर? खराच कर्ता. वाक्य खोटं नाही होणार

नको

सुचिता येऊन बसली शेजारी. वही पाहिली. ताई, माझ्या नावाचं गणित घाल ना. मी म्हटलं, आज नको, बाहेर खेळ. ती म्हणते, तू आल्यापासून एकही नाही घातलंस. घाल ना गं. दात पडल्यामुळे नीट बोलता येत नाही तिला. घाल ना

मी नको म्हटलं. मी म्हटलं होतं. तिनेच—

बाबा, तुम्ही विचारलं होतं कोण. फोनवर. सांगता आलं नाही. 'त' नव्हता मध्ये. अडण्यासारखं अक्षरच नव्हतं

पूर्ण वाक्यात लिहिते

आमच्या घरी चार माणसं आहोत. मी एक माणूस निवडलं. ते सु